ऑपरेटर काकांचा फॅन क्लब

सुई टोचताना ऑपरेटर काका हाताकडे कधी पाहत नसत. छताकडे पाहून म्हणत, "लाईट बंद करा बे, सुरू होऊन राह्यला." लाईट कुणी बंद करत नसे. दवाखान्याच्या खोलीत सकाळी आठ वाजता कोण अंधार करणार? पण बाकीच्या तीन पलंगांवरच्या माणसांना ते वाक्य ऐकल्याशिवाय आपली पाळी सुरू झाल्यासारखं वाटत नसे. मी दोन्ही सुया बसवायची, चिकटपट्टी लावायची, नळ्या जोडायची आणि मशीनचं बटण दाबायची. रक्त नळीतून वर चढायला लागलं की काका मान वळवून मशीनच्या पुढच्या गोल फिरणाऱ्या पंपाकडे पाहत आणि समाधानाने म्हणत, "फिरली रीळ."

मी खामगावातल्या एका दवाखान्यात डायलिसिस टेक्निशियन आहे. किडन्या निकामी झालेल्या माणसाचं रक्त बाहेर काढायचं, मशीनमधून धुवायचं आणि परत अंगात सोडायचं, हे माझं काम. एका वेळेला चार तास लागतात, आठवड्यातून दोनदा यावं लागतं, आणि बहुतेकांचं हे येणं मरेपर्यंत सुटत नाही. जसं आहे तसं सांगते, मला गोडगोड बोलता येत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. मी बी.एस्सी. केलं, अकोल्याला राहून डायलिसिसचा कोर्स केला आणि कुणाची ओळख न लावता, मुलाखत देऊन नोकरी मिळवली. दवाखान्याने छातीवर लावायला प्लास्टिकची पट्टी दिली होती, तिच्यावर नुसतं नाव होतं. मी बाजारातून स्वतः पितळी पट्टी करून आणली, नावापुढे बी.एस्सी. कोरून घेऊन.

काकांनी पहिल्याच दिवशी ती पट्टी दोनदा वाचली.

"मॅडमबाई," ते म्हणाले, "लहानपनी पानी कोनचं पेलं?"

आमच्याकडे हा प्रश्न कुणी सहज विचारत नाही. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना, संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावच्या भागात जमिनीखालचं पाणी खारट आहे. चहा नासतो, डाळ शिजत नाही, घागरीला आतून पांढरा थर बसतो. त्याच भागातून किडनीचे पेशंट आमच्याकडे येतात. पाण्यामुळेच हे होतं की आणखी कशामुळे, यावर डॉक्टर लोक अजून वाद घालतात. आम्ही तिथले, आम्ही वाद घालत नाही. मी दवाखान्यात पुस्तकी मराठी बोलायची आणि गाव विचारलं की खामगाव सांगायची. काकांना मात्र खरं गाव सांगितलं.

"मंग एकाच पान्याचे आपन," ते म्हणाले आणि डोळे मिटून पडले.

ते एका टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवायचे. तीस वर्षं चालवला. टॉकीज बंद पडली, तिथे लग्नाचं मंगल कार्यालय झालं आणि काका गावी, बायकोकडे परतले. तिथे त्यांना ऑपरेटर म्हणत, आमच्याकडेही तेच नाव चिकटलं. अंगाने काटकुळे, रंग डायलिसिसच्या माणसाचा होतो तसा मातकट काळा, आणि डोक्यावर कायम एक जांभळी कानटोपी, चैत्रातसुद्धा. मशीनवर थंडी वाजते हे खरं आहे, पण ते टोपी घरूनच घालून यायचे.

ते एका नटाचे फॅन होते. नाव विचारलं तर म्हणायचे, "मालूम नाही." त्याचं नाव कुठल्या पोस्टरवर कधी आलंच नव्हतं. नाक लांब, खांदे बसके, आणि उभा नेहमी खलनायकाच्या मागे तिसरा. कधी गोदामाचा चौकीदार, कधी जीपचा ड्रायव्हर, कधी दरोडेखोर. काम एकच, मरायचं. बहुतेक इंटर्व्हलच्या आत.

"हिरोले त सारेच पाह्यतात," काका म्हणायचे. "पन एकच पिक्चर दिवसातून चारदा, सहा हप्ते पाहा लागला त हिरोले कितीक पाह्यसान? मंग मानूस मागं पाहा लागते."

त्या फॅनपणाची सुरुवात त्यांनी मला निदान दहा वेळा सांगितली असेल. एका पिक्चरमध्ये हिरोची आई गोळी लागून मरते. हिरो तिला मांडीवर घेऊन रडतो, टॉकीजमधल्या बायका पदराने डोळे पुसतात. मागे रस्त्यावर खलनायकाची माणसं मरून पडलेली. त्यात हा. आणि हिरो हंबरडा फोडत असताना हा मेलेला माणूस हळूच एक पाय सरकवतो आणि दुसऱ्या पायाचा घोटा खाजवतो.

"डास चावला असन त्याले," काका सांगायचे. "डायरेक्टरनं नाही पाह्यलं, हिरोनं नाही पाह्यलं, पब्लिकनं नाही पाह्यलं. मीच पाह्यलं, तेही अकराव्या दिवशी. मी केबिनमधी एकटाच हासून राह्यलो. मंग रोज त्याचीच वाट पाहो. माय मेली, हिरो रडला, का खाजवला यानं घोटा. त्या दिवसापासून मी त्याचा."

डायलिसिसच्या खोलीत कोपऱ्यात एक टीव्ही आहे. त्याच्यावर सकाळी जुने हिंदी पिक्चर लागतात. चार तास पडून राहायचं, एक हात हलवायचा नाही, त्यामुळे सगळे पाहतात. काका यायला लागल्यावर महिन्याभरात त्यांनी सगळ्या खोलीला त्या माणसाच्या नादी लावलं. फॅन क्लब काढला. डायलिसिसच्या फिल्टरचे रिकामे खोके आम्ही रोज फेकतो, त्याच्या पुठ्ठ्याची त्यांनी कार्डं कापली आणि माझ्याच लाल पेनाने लिहिली. नियम दोन. पहिला, मेंबराने हिरोचं कौतुक करायचं नाही. दुसरा, आपला माणूस ज्याला आधी दिसेल त्याने बिनसुईचा हात वर करायचा. बक्षीस म्हणून बर्फाचा एक खडा.

डायलिसिसच्या माणसाला बर्फाचा खडा काय असतो ते बाहेरच्याला सांगून समजणार नाही. त्यांना दिवसाला जेमतेम अर्धा लिटर पाणी. त्यात चहा आला, वरणाचं पाणी आलं, गोळी गिळायचा घोट आला. उन्हाळ्यात ही माणसं नळाखाली हात धरून उभी राहतात, नुसता गारवा लागावा म्हणून. मी बर्फाला परवानगी द्यायला तयार नव्हते.

"माह्या वाट्यातून दे," काका म्हणाले. "माह्या कागदावर लिही. मी कमी पेतो."

आणि खरंच कमी पीत. दर वेळी सुरू करण्याआधी वजन होतं, अंगात किती पाणी साचलं ते त्यावरून कळतं. काकांचं सगळ्यात कमी भरायचं. धामणगाव बढ्याचे एक किराणा दुकानदार तिसऱ्या पलंगावर असत, सगळे त्यांना शेठ म्हणत. दर मंगळवारी त्यांचं तीन-साडेतीन किलो पाणी वाढलेलं. मी रागावले की म्हणत, "मॅडम, दुकानात पापड तळून राह्यले होते, वासानंच तहान लागली." मात्र नटाला ओळखण्यात शेठचा हात कुणी धरत नसे. नुसती पाठ पाहून हात वर करायचे आणि बर्फ मिळाला की लहान पोरासारखा गालात फिरवायचे. काका दुसऱ्या पलंगावरून विचारायचे, "कसा आहे शेठ?" शेठ म्हणायचे, "लंबर एक." तो बर्फ कुणाच्या पाण्यातला होता हे शेठना शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

आपला माणूस मेला की टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि दोन मिनिटं शांत राहायचं, हाही क्लबचा रिवाज. पलंगावर चार माणसं डोळे मिटून पडलेली, पडद्यावर मुकी मारामारी चाललेली आणि चार पंप घुर्र घुर्र फिरतायत. एकदा डॉक्टर राउंडला आले, ते दृश्य पाहून दारातच थांबले आणि मला हळूच विचारलं, "कोण गेलं?" मी काय सांगणार?

मलाही कार्ड मिळालं. माझ्या नावापुढे त्यांनी पद लिहिलं होतं, ऑपरेटर. मला राग आला. "काका, मी बी.एस्सी. आहे, ऑपरेटर नाही," मी म्हणाले. त्यांनी कार्ड परत घेतलं नाही. "मी तीस वर्षं तेच होतो, मॅडमबाई," एवढंच म्हणाले. त्यांना लागलं होतं, मला दिसलं, पण मी माफी मागितली नाही. तेव्हा मला ते जमत नसे. कार्ड मात्र ड्रॉवरमध्ये ठेवलं.

आणि त्यांचा कान, तसा मी कुणात पाहिला नाही. नळीला कुठे बारीकशी मुरड पडली की मशीन ओरडायच्या आधी ते सांगायचे, "तीन लंबरचा आवाज बदलला, पाह्य जा." मी जाऊन पाहायची, आणि खरंच शेठच्या कोपराखाली नळी दबलेली असायची. हे कुठल्या कोर्सला शिकवत नाहीत.

एकदा मी मोबाइलवर त्या नटाचा शोध घेतला. माणूस शिकलेला असला की त्याला वाटतं, सगळं सापडतंच. दोन रात्री घालवल्या. शेवटी एका जुन्या गाण्याखाली कुणीतरी लिहिलेलं सापडलं की हा मागे उभा असलेला माणूस आमच्या चाळीत राहत होता, वारून बरीच वर्षं झाली. मी मंगळवारी सुई लावता लावता काकांना सरळ सांगून टाकलं.

"मालूम होतं," ते म्हणाले.

"कसं?"

"दिसना बंद झाला न तो. नव्या पिक्चरात नसे. तवाच समजलो." मग खोलीकडे वळून मोठ्याने म्हणाले, "इतक्या वर्षांत दोनशे खेप मेला आपला मानूस, मॅडमच्या मोबाइलले आज पत्ता लागला." सगळे हसले. मीही हसले. एखादी गोष्ट माहीत असून त्यांना ती किती दिवस पोटात ठेवता येते, हे मला त्या दिवशी दिसायला हवं होतं. हसण्यात राहून गेलं.

आता काकूंबद्दल सांगते. काकू त्यांच्याबरोबर पहिल्या एसटीने यायच्या आणि चार तास बाहेरच्या बाकावर बसायच्या. ठसठशीत बाई, आवाज खणखणीत. नवऱ्याशी सतत भांडायच्या. कानटोपीवरून, औषधाच्या वेळेवरून, एसटीत खिडकीशी कोण बसणार यावरून. त्या मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणायच्या.

"मॅडम, माही किडनी काहाडून यायले लावा. दोन आहेत न मले. काही दुखत नाही, खुपत नाही."

रक्तगट दोघांचा एकच होता. डॉक्टरांनी काकूंच्या तपासण्यांचा कागद लिहून दिलेला होता. रक्त, लघवी, सोनोग्राफी. त्यात सगळं ठीक निघालं तर पुढे नागपूर. किडनी बसली तर काकांना आणखी दहा-पंधरा वर्षं सहज होती, आणि नाही बसली तर मशीनवर दोन, तीन, कुणाचं नशीब असेल तर पाच. मी हे हिशेब रोज पाहते. मला काका जायला नको होते. इतकी साधी गोष्ट होती.

पण काका ऐकायचे नाहीत. आणि नाही म्हणायची त्यांची तऱ्हा अशी की विचारणाराच हसत परत जाई.

"तिची किडनी माह्यात आली त मलेही एकादशी धरा लागन."

"ते भांडते दोन किडन्यांच्या जोरावर. एक कमी झाली त भांडन अर्ध्यात सोडन, मंग मजा काय राह्यली?"

"तिनं दिली त रोज सकायी म्हनन, 'माही किडनी कशी आहे?' माह्यी तब्येत कोनी पुसनारच नाही."

दर वेळी खोली हसायची. शेठ तर हसताना हात हलवायचे आणि त्यांच्या मशीनची घंटी वाजायची. काकू दारातून म्हणायच्या, "यायच्या तोंडी लागू नोका मॅडम," आणि पदर तोंडाला लावून त्याही हसायच्या. कागद माझ्या ड्रॉवरमध्ये पडून राहिला. वर्ष गेलं.

त्या वर्षातलीच ही गोष्ट. काकूंच्या पायात एकदा नव्या, मोठ्या चपला दिसल्या, पुरुषी. मी विचारलं तर काका पलंगावरून म्हणाले, "हिरोइनीचा पाय वाढून राह्यला. अजून वय आहे तिचं वाढाचं." काकू म्हणाल्या, "हाव नं, जोडवीही रुतत होती, काहाडून ठेवली." आम्ही हसलो. मी डायलिसिस टेक्निशियन, पितळी पट्टीवाली बी.एस्सी., पायाला सूज म्हटलं की पहिल्यांदा काय तपासायचं हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. मी हसले आणि कामाला लागले.

फाल्गुनात काकांचं हृदय थकल्याची लक्षणं दिसायला लागली. मशीनवर मध्येच रक्तदाब पडायचा, घाम फुटायचा. डॉक्टर मला म्हणाले, "यांचं काय ते लवकर ठरवा." मी त्या शुक्रवारी ठरवूनच गेले. काकांना सुया लावल्या, मशीन सुरू केलं, ते म्हणाले, "फिरली रीळ," आणि मी दारात जाऊन काकूंना आत बोलावलं. काकांच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर बसवलं. ड्रॉवरमधून कागद काढला, सिरिंज काढली.

"काकू, रक्त घेऊ ना?"

"घे माय," काकू म्हणाल्या आणि बांगड्या वर सारल्या.

काकांच्या डाव्या हातात दोन सुया होत्या, नळ्या मशीनला जोडलेल्या. त्यांना उठता येत नव्हतं. त्यांनी मान उचलली.

"मॅडमबाई, ते नोको करू."

पुढचं वाक्य काय येतं म्हणून सगळे थांबले होते. शेठच्या तोंडावर आधीच हसू होतं.

"नोको करू म्हनतो न."

शेठना तेवढंही पुरलं. ते खदखदून हसले, मग चौथ्या पलंगावरचा माणूस हसला. मी काकूंच्या दंडाला पट्टा बांधला. तोंडातली पुस्तकी मराठी गेली होती. "आता गम्मत पुरे, काका," मी म्हणाले. "तुमच्या गमतीपायी एक वर्ष गेलं. मले समजते मी काय करून राह्यली ते." काकांनी मान परत उशीवर टाकली आणि भिंतीकडे तोंड केलं. रक्त बाटलीत येत असताना काकू हसत होत्या. "पाह्य कसे रुसले," त्या म्हणाल्या.

मंगळवारी रिपोर्ट आला. काकूंच्या दोन्ही किडन्या निम्म्याहून जास्त गेलेल्या होत्या. त्याच शुक्रवारी करून घेतलेल्या सोनोग्राफीत त्या आकसलेल्या दिसल्या. म्हणजे हे काही महिन्यांचं नव्हतं, वर्षांचं होतं. तीच घागर, तोच हातपंप, तीच तीस-बत्तीस वर्षं. टॉकीजच्या दिवसांतही काका सुट्टी मिळेल तसे गावी जाऊन यायचे, काकू तर तिथेच असायच्या. नवरा-बायको म्हणजे एकाच पाण्यावरची दोन माणसं, हे मला, त्याच पाण्याच्या मुलीला, त्या कागदावर कळलं. त्या दिवशी सगळे गेल्यावर मी स्वतःचं रक्त काढून पाठवलं. ते ठीक आलं. दोन दिवस मला ते कुणाला सांगवलं नाही.

डॉक्टरांनी काकूंना समजावून सांगितलं. काकूंनी एकच विचारलं, "म्हंजे माही यायले चालत नाही?" त्यांना त्याचंच वाईट वाटत होतं. आपलं काय, ते अजून शिरलंच नव्हतं. त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या. मी काकांच्या सुया काढत होते. सुई काढली की त्या जागी दहा मिनिटं बोट दाबून धरावं लागतं. तेवढा वेळ माणूस समोरासमोर असतो, कुठे जाता येत नाही.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"चपला घेतल्या तवापासून."

"अन् सांगतलं काऊन नाही?"

"सांगून काय केलं असतं तुमी? अठी आनून बाजूच्या पलंगावर झोपवलं असतं."

"नाही. गोळ्या सुरू केल्या असत्या. मीठ तोडलं असतं, पाणी बदललं असतं. पाच वर्षं मिळाली असती तिला, सात मिळाली असती. एक वर्ष तुम्ही वाया घालवलं. तिचं."

मी बोट दाबून उभी.

"मी घरी जातो न," ते म्हणाले, "त ते भांडते माह्याशी. चांगल्या मानसासारखी भांडते. घरात एक तरी मानूस बिमार नसावं, एवढंच पाह्यजे होतं मले. बिमार म्हटलं असतं त भांडली नसती. मंग मी कोनच्या घरी गेलो असतो?"

मी बोट काढलं. रक्त थांबलं होतं. पट्टी लावली. मी त्यांना माफ केलं असं म्हणणार नाही. आजही मला वाटतं, ते चुकले. बायकोच्या वाट्याची वर्षं त्यांनी आपल्या घरातल्या उजेडापायी जाळली. पण त्यांच्या प्रत्येक विनोदावर मी हसले होते. हसणारं माणूस लागतं म्हणून तर विनोद होतो. ते एकटे नव्हते त्यात.

त्यानंतरही क्लब चालू राहिला. काका शेठशी बोलायचे, चौथ्या पलंगाशी बोलायचे, हात वर झाला की बर्फ द्यायला सांगायचे. माझ्याशी कामापुरतं. काकूंना मात्र आता भांडता येत नव्हतं. बाकावर बसून त्या आपल्या गोळ्यांची पाकिटं मोजत बसायच्या. खिडकीशी कोण बसणार, यावरून वाद नव्हता. दोघं एसटीतून उतरून हळूहळू चालत यायचे, काका पुढे, काकू त्या मोठ्या चपला ओढत मागे. एकदा काका मला म्हणाले, "आता ते म्हनते, तुमी म्हनसान तसं."

शुक्रवार ते मंगळवार हे अंतर सगळ्यात लांब. आमची माणसं जातात ती बहुतेक त्याच दिवसांत. काका श्रावणातल्या एका सोमवारी सकाळी गेले. अंघोळीला उठले, खाटेवर परत बसले आणि गेले. मंगळवारी त्यांचा पलंग मी रिकामा ठेवला. नियम तसा नाही, वेटिंग लिस्ट आहे. शुक्रवारी दुसरा पेशंट घेतला. शेठनी त्या मंगळवारी टीव्ही लावू नका म्हणून सांगितलं. चार तास नुसते पंप ऐकत पडून होते. नंतर दिवाळीच्या सुमारास शेठही गेले.

काकूंना गोळ्यांनी दीड वर्ष खेचलं. मग त्यांच्याही हातात फिस्टुला केला, म्हणजे सुया बसाव्यात म्हणून शिरा जोडून घेतल्या, आणि त्या आत आल्या. बाकावर आता त्यांची लेक बसते. ती त्याच भागात दिलेली, माहेरापासून दोन गावं पलीकडे. तीस-एकतीसची असेल. दर मंगळवारी, शुक्रवारी पहिल्या एसटीने आईला घेऊन येते आणि बाकावर लसूण सोलत, नाही तर मोबाइलवर पोरीचा अभ्यास घेत बसते.

तिसऱ्या की चौथ्या पाळीला काकूंनी माझा हात धरला. "मॅडम, इले काही सांगू नोको. पान्याचं, रक्ताचं काही बोलू नोको. इची पोरगी लहान आहे. आताच संसाराले लागली."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. सुया लावल्या. पुढच्या शुक्रवारी मी डॉक्टरांकडून कागद लिहून घेतला, लेकीच्या नावाचा.

काकूंचं मशीन सुरू करून मी दारात गेले आणि लेकीला आत बोलावलं. स्टूल ओढून दिलं. ती पदराला हात पुसत बसली. "काय जी मॅडम?"

काकूंनी माझ्या हातातला कागद पाहिला. सिरिंजचं पाकीट पाहिलं. मग त्या एकदम मोठ्याने, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या. त्या खोलीत आल्यापासून पहिल्यांदा.

"इचं रक्त कायले काहाडतं मॅडम? इच्या अंगात निरा सासूचा राग भरला आहे. बाटली फुटन तुही."

पलीकडच्या पलंगावरची बाई हसली. तिच्या पलीकडचा म्हातारा हसला. लेक लाजून हसली आणि उठायला लागली, "काय बाई तू..." म्हणत. काकू माझ्याकडे पाहत होत्या. त्या हसत नव्हत्या.

मीही हसले नाही.

"बस खाली," मी लेकीला म्हणाले. "तुह्या मायच्या दोन्ही किडन्या गेल्या. बाप त्यातच गेला. तू त्यायच्याच घरचं पानी पेऊन मोठी झाली, अन् आताही तसंच पेऊन राह्यली. तुही तपासनी करा लागते. आजच."

खोलीतलं हसू थांबलं. लेकीने आईकडे पाहिलं. काकूंच्या डाव्या हातात दोन सुया होत्या. त्यांनी उजवा हात वर केला, माझ्या दिशेने, आणि तसाच धरून ठेवला. मग तो खाली चादरीवर ठेवला आणि तोंड भिंतीकडे केलं.

मी दुसरं स्टूल ओढून तिच्यापुढे बसले आणि पाकीट फाडलं.

"हात दे," मी म्हणाले.

लेक बसली, बांगड्या कोपरापर्यंत सारल्या आणि हात माझ्या मांडीवर ठेवला.